शेवटचा हात कोनाचा

भागरता गेली त्याला आता चार महिने झाले. भागरता म्हणजे माझी बायको. जिवंत होती तोवर तिचं नाव मी घेतलं नाही, आमच्याकडे घेत नसत. "ऐकतेस का वो" एवढ्यावर छप्पन वर्षं निघाली. आता घेतो. रागावणारी राहिली नाही.

मागच्या आठवड्यात तिची पेटी उघडली. लेक म्हणाली, बाबा, लुगड्यांना कसर लागून राहिली, कोणाला तरी देऊन टाकू. लुगड्यांच्या तळाला चिंधीत बांधलेला एक लोखंडी नट निघाला. मोठ्या सुपारीएवढा. कोपरे झिजून गोल झालेले, समोरासमोरच्या दोन बाजू कानशीने घासून सपाट केलेल्या, आणि आट्यांत अजून थोडा शेंदूर. लेकीने विचारलं हे काय होय. मी म्हटलं, इतवारी मिस्त्री. तिने माझ्याकडे असं पाहिलं की म्हातारा गेला कामातून.

म्हणून लिहून ठेवतो. मी चार बुकं शिकलो, माझं लिहिणं तसंच राहील.

लढाईच्या दिवसांत मी आमगावजवळच्या एका गावात धानाच्या मिलवर इंजिन डायवर होतो. मिल शेठजीची. एक उभं तेलाचं इंजिन, त्याच्यावर पट्टा, पट्ट्यावर सगळी मिल. इंजिन चाललं तर चाळीस घरांत चूल पेटायची. साल-दोन सालात एकदा त्याचं बारीकसारीक काम निघे, सात-आठ सालांत एकदा ते पुरं खोलून, रिंगा बदलून, घासूनपुसून पुन्हा बांधावं लागे, आणि दोन्हीसाठी गोंदियाहून इतवारी मिस्त्री येत.

इतवारी म्हणजे रविवारी जन्मलेले. बुटके, पायाने जरा फेंगडे, आणि अंगात नेहमी पांढरी बंडी. इंजिनाच्या कामाला पांढरी बंडी घालणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. लोक हसत. ते म्हणत, डाग पडला की समजते तेल कुठून येऊन राहिलं. संध्याकाळी साबण लावत नसत. मिलमधला मूठभर कोंडा घेऊन हात चोळत, आणि हात असे निघत की पंगतीत वाढायला उभं करावं. नट फिरवायचे पाने हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले असत, एकेकाला शिवलेला एकेक कप्पा. कोणाला पाना देत नसत. मी एकदा थट्टा केली, मिस्त्रीबाबा, पान्यांना लुगडं कायले नेसवलं. त्यांनी गुंडाळीची गाठ मारली. मग भागरताने एकटीने विचारलं तर तिला सांगितलं, घरवालीचं होय. त्यांची बायको आधीच गेलेली होती. मला तेव्हा ते काही वाटलं नाही. आज वाटते. लेकीला म्हटलं, एक लुगडं राहू दे.

कानावर एक बिडी असे. काम चालू असताना ती पेटवत नसत. काम झालं, मशीन फिरलं, की कानावरून काढत आणि जिथे असतील तिथेच बसून शेवटपर्यंत ओढत. ती पेटली म्हणजे काम झालं असं सारे मालक समजत. शेठजी तर त्यांची मजुरी बिडी पेटल्यावरच काढत.

पण त्यांची खरी खोड दुसरी. कोणतंही मशीन असो, आधी त्याच्यासमोर बसायचे. अर्धा घंटा नुसतं पाहायचे. हात लावायचे नाहीत. मग एकच गोष्ट विचारायचे: "शेवटचा हात कोनाचा?"

म्हणजे माझ्या आधी याला कोणी हात लावला आणि काय केलं. डॉक्टर नाही का विचारत, काय खाल्लं होतं, तसं. आणि तिथे खोटं चालत नसे. तिरोड्याकडच्या एका मालगुजाराची मोटार बंद पडली होती. मिस्त्रींनी विचारलं, शेवटचा हात कोनाचा. मोटारीचा डायवर म्हणाला, कोणाचाच नाही, आपोआप बंद पडली. मिस्त्रींनी पाने गुंडाळले आणि पायी स्टेशनचा रस्ता धरला. मालगुजाराने मागून छकडा पाठवला, त्यात तोच डायवर. अर्ध्या वाटेत त्याने कबूल केलं की मी हातोडा घातला होता. तेव्हा मिस्त्री छकड्यात चढले. मालगुजाराला म्हणाले, मोटार बिघडली त्याचं काही नाही, पण खोट्यावर माझा पाना बसत नाही. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, आमच्याच अंगणात बसून. म्हणजे मला सारं माहीत होतं, आणि तरी मी केलं ते केलं.

पोळा झाला होता. मिल थंडी होती. दिवाळीत नवीन धान येण्याआधी इंजिन खोलून बांधायचं होतं. शेठजीने मला बजावलं होतं, मिस्त्री येईपर्यंत हात लावायचा नाही. त्यांच्या साळ्याचा एक माणूस माझ्या जागेवर डोळा ठेवून होता, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, मिस्त्री यायच्या आधी हेड खोलून ठेवलं तर शेठला दिसेल हा डायवर बी काही कमी नाही. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड, ओतीव बिडाचं झाकण. ते सहा बोल्टांवर बसलेलं, एकेका बोल्टावर एकेक नट. पाच नट ढिले झाले. सहावा हालेना. मी पान्याच्या दांड्यात हातभर लांब पाइप घातला आणि सगळं अंग टाकलं. एक, दोन, तीन झटके. चौथ्याला पाना सटकला, पाइप खालून येऊन हनवटीवर बसला, आणि पाहतो तर नटाचे कोपरे गायब. गोल. पाना त्यावर नुसता फिरे.

असं काऊन झालं ते ऐका. दर दसऱ्याला आम्ही इंजिनाची पूजा करत असू आणि शेठजी स्वतःच्या हाताने सहाही नटांना तेलात कालवलेला शेंदूर लावत. सात-आठ दसऱ्यांचे थर. तो शेंदूर वाळून दगड होतो. वरून नट चांगला सहा कोपऱ्यांचा दिसे, पण पाना लोखंडावर बसतच नव्हता, बसत होता शेंदरावर. बाकीचे पाच ढिले होते म्हणून निघाले. या सहाव्यावर मी जोर लावला तसा शेंदराचा भुगा झाला आणि पान्याने अर्धवट धरलेले कोपरे खाऊन टाकले.

लढाईमुळे बाहेरून काही येत नव्हतं. बोल्ट आत मोडला तर मिल साल दोन साल बंद. शेठला समजलं तर मी त्याच घडीला रस्त्यावर, आणि घरी भागरता सातव्या महिन्यात. मग मी काय केलं? पाचही नट पुन्हा हाताने बसवले, आणि सहाव्याला ताजा शेंदूर थापला. चांगले सहा कोपरे करून. हनवटीतून रक्त येत होतं आणि मी बोटाने शेंदराचे कोपरे काढत होतो. फक्त भागरताला सांगितलं, कारण रक्त तिलाच पुसायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "सांगून टाका." मी तिच्यावर ओरडलो. त्या दिवसापासून माझ्या घशाखाली भात उतरेना.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. शेठजी खाटेवर बसले होते. मिस्त्री इंजिनासमोर उकिडवे बसले, कानावर बिडी, अर्धा घंटा. मग सहाव्या नटाकडे बोट करून म्हणाले, "दसऱ्याले अजून महिना आहे. याच एका देवाची पूजा आधी काऊन झाली गा?"

मी पट्ट्यावरची धूळ पुसायला लागलो.

"शेवटचा हात कोनाचा?"

शेठने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमचाच, मिस्त्रीबाबा. मागच्या वेळचा."

ते माझ्या हनवटीकडे पाहून राहिले. "हे काय झालं?"

"न्हाव्याचा वस्तरा लागला."

"तुमचा न्हावी खालून वर मारते का गा, डायवर?"

शेठ हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी लुगड्याची गुंडाळी उचलली आणि पुन्हा गाठ मारली. मला तिरोड्याची मोटार दिसली. वाटलं, आता हा माणूस उठून आमगावचा रस्ता धरणार, शेठ विचारणार काऊन चाललास, आणि माझं संपलं. ते उठले. म्हणाले, "आज नाही. भूक लागून राहिली."

ते आमच्याच घरी उतरत. शेठने मला कोंड्याची पोती हलवायला थांबवून घेतलं, म्हणून ते पुढे गेले. मी घरी पोचलो तेव्हा त्यांचं जेवण झालं होतं आणि ते अंगणात कोंड्याने हात चोळत होते. भागरता पाणी घालत होती. दोघं जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं, म्हातारा रुसला आहे. सकाळी गाठोडं बांधून निघेल.

सकाळी ते मिलवर गेले आणि पाने उघडून मांडले. मला इतकं हलकं वाटलं की मी देवाला हात जोडले. पण काऊन थांबला, हे समजलं नाही.

शेठला म्हणाले, या एका नटाला चार दिवस लागतील. शेठ वैतागले, "अरे मिस्त्री, छिन्नी मारो, फोड के फेको." मिस्त्री म्हणाले, शेठ, खाली बीड आहे. छिन्नीचा एक मार चुकला तर हेडला चीर जाईल, मग मी बी कामाचा नाही आणि तुमची मिल बी नाही. शेठ उठून गेले.

पहिला दिवस शेंदूर खरवडण्यात गेला. थर थर निघत होता आणि ते मोजत होते, हा अमक्या सालचा दसरा, हा तमक्या सालचा. खालून खरा नट निघाला, सुपारीसारखा गोल. मग बांधीतली चिकट माती आणायला लावली. धानाच्या बांधीला पाळ घालतो तशी नटाभोवती बोटभर उंच पाळ केली आणि आत रॉकेल भरलं. रॉकेल तेव्हा चिठ्ठीवर मिळे. भागरताने घरच्या दिव्याची बाटली दिली. दोन दिवस आम्ही उजेड आहे तोवर जेवून घेतलं. रॉकेल मुरत होतं, आणि मिस्त्री मधूनमधून येऊन छोट्या हातोडीने नटाच्या डोक्यावर टकटक करत, दारावर शेजारी करतो तशी, जोराने नाही. मी म्हटलं, एवढ्याने काय होणार. म्हणाले, आतला गंज जागा होते.

चौथ्या दिवशी सकाळी माती काढली, रॉकेल कोरडं पुसलं. कानस घेतली आणि नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासायला लागले. चार वेळा घासायचं, पाना लावून पाहायचा, पुन्हा घासायचं. शेवटी एक नंबर लहान पाना त्या दोन बाजूंवर असा बसला की हातोडीने ठोकून बसवावा लागला. मग लोहाराच्या भट्टीतून लोखंडाचं एक जाड कडं लाल करून आणलं आणि चिमट्याने नटाच्या अंगाला टेकवून धरलं. नट तापला, जरा फुगला.

आणि मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. स्वतःचा पाना. मी पाहतच राहिलो.

"धर. पाइप नाही, अंग नाही. दोन बोटं."

मी सोडायच्या बाजूला जोर घेतला.

"तिकडे नाही. आधी कस."

"सुटून नाही राहिला, आनखी कसू कायले?"

"कस म्हनलं ना."

मी कसला. एक केसभर. आतून बारीक आवाज आला, कोरडी काडी मोडावी तसा. मला वाटलं बोल्ट गेला. मिस्त्रींनी बोल्टाच्या टोकावर अंगठा ठेवला होता. म्हणाले, "गंज सुटला. आता उलटा. केसभर. थांब. पुन्हा कस." पुढे, मागे. पुढे, मागे. माझ्या हाताला घाम सुटला की ते पुसायला लावत. एकदा मी घाई केली तर हलक्या आवाजात म्हणाले, "या बोल्टाले आधीच पीळ पडला आहे. आनखी एक झटका खाल्ला तं मोडते."

पीळ डोळ्यांना दिसत नाही. त्यांना कसं समजलं, याचंच मला आश्चर्य. मनात म्हटलं, काय अंगठा आहे म्हाताऱ्याचा.

सकाळपासून दुपारची पॅसेंजर शिटी देऊन जाईपर्यंत आम्ही तो नट पुढेमागे करत होतो. मग तो एकदम मऊ झाला. दही हलवावं तसा फिरला. शेवटच्या आट्या मी बोटांनी काढल्या आणि नट माझ्या तळहातावर आला, गरम. बोल्ट उभा होता, साबूत. मी खाली बसलो.

शेठ धावत आले. बोल्ट पाहिला, नट पाहिला, मग तोंड बदललं. विचारलं, हे गोल कोणी केलं? मी तोंड उघडायच्या आधी मिस्त्री म्हणाले, "शेंदरानं खाल्ला, शेठ. लावत कोन होतं?" शेठने टोपी काढून डोकं खाजवलं आणि त्या साली दसऱ्याला इंजिनाला नुसता हार घातला.

मी काडेपेटी घेऊन धावलो, बिडी पेटवून द्यावी म्हणून. मिस्त्रींचा हात कानाकडे गेला, बिडी चाचपली, आणि तिथेच राहू दिली. "राहू दे. काम बाकी आहे."

मला वाटलं रिंगांचं, बांधणीचं म्हणत असतील. सहाव्या बोल्टावर मिस्त्रींनी आपल्याजवळचा एक जुना नट बसवला, आणि सहाव्या दिवशी इंजिन बांधून झालं. चालू केलं. काय आवाज होता तो, घड्याळासारखा. शेठने बिडीची वाट न पाहता पैसे काढले. मिस्त्रींनी घेतले, पण बिडी पेटवली नाही. तो गोल नट भागरताला दिला, "ठेव बेटी." आणि कानावर तीच बिडी घेऊन स्टेशनकडे गेले.

नोकरी राहिली. दिवाळीत धान आलं, मिल चालली. मार्गशीर्षात लेक झाली, हीच, जी आता लुगडी वाटायला निघाली आहे. पण त्या बिडीचं माझ्या मनातून जात नव्हतं. इंजिन चालू करताना रोज सकाळी दिसायची, कानावर तशीच.

नंतर मिस्त्री आले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असं ऐकलं. दुसरा मिस्त्री येऊ लागला, साबण मागणारा.

इंग्रज गेले त्या साली, दिवाळीच्या आधी, ते एकदा आले. आमगावात कोणाकडे लग्न ठरवायला आले होते, तिथून छकडा करून खास मिल पाहायला. पांढरी बंडी होती. कानावर बिडी होती. डोळे दुधासारखे झाले होते. मी हात धरून इंजिनाजवळ नेलं. ते समोर उकिडवे बसले. पाहायचं तर काही नव्हतं, तरी अर्धा घंटा बसले. मग हेडवर हात फिरवला, एकेक नट चाचपला, सहाव्यावर अंगठा ठेवला.

"डायवर. शेवटचा हात कोनाचा?"

शेठ नव्हते. कोणी नव्हतं. असते तरी मी तेच म्हटलं असतं, असं आता लिहितो, खरं देव जाणे.

"माजा, मिस्त्रीबाबा. पाइप घातला होता. चार झटके मारले."

त्यांनी कानावरची बिडी काढली. मला म्हणाले, काडी लाव, मला दिसत नाही. पहिली काडी वाऱ्याने गेली. दुसरीला मी दोन्ही हातांचा आडोसा केला. बिडी पेटली. त्यांनी लांब झुरका घेतला, धूर सोडला, आणि म्हणाले, "चार साल लावली गा. तुज्या बायकोनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. भाताचा पहिला घास बी नव्हता घेतला मी."

मग सारं उलगडलं. पीळ त्यांच्या अंगठ्याला समजला नव्हता. पाइप हातभर लांब, झटके चार, हे तिने सांगितलं होतं, वाढता वाढता. म्हणून त्यांनी जोर लावला नाही, म्हणून चार दिवस घेतले, म्हणून बोल्ट वाचला. मी विचारलं, तेव्हाच काऊन बोलले नाही. ते म्हणाले, "तिनं सांगतलं म्हनून थांबलो. बाकी तुजं तू पाहायचं होतं."

मी त्यांना घरी जेवायला आणलं. भागरता सूप घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्या विचारलं, याले तू सांगतलं होतं? तिने धान पाखडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मंग काय करू? तुमाले नोकरी पाहिजे होती, आनि इंजिनाले खरं पाहिजे होतं." म्हातारा अंगणात इतका हसला की खोकला लागला.

जेवून, कोंड्याने हात चोळून ते निघाले. पान्यांचं आता काही काम उरलं नव्हतं, तरी हिरव्या लुगड्याची ती गुंडाळी काखेत होती. छकड्यात मागे तोंड करून बसले, आमच्याकडे, जरी आम्ही त्यांना दिसत नव्हतो. आणखी एक बिडी काढली, गाडीवानाकडून पेटवून घेतली. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडून राहिलं होतं आणि मधून छकडा चालला होता. बंडी दिसेनाशी झाली तरी धूर दिसत होता. रेल्वेच्या फाटकाशी तो बी वळला.

भागरता म्हणाली, आता तुमी जेवून घ्या. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला.